शहाऐंशीची गाणी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दहावीच्या ग्रुपवर आज पुन्हा तेच! गेट-टुगेदर. शहाऐंशीची बॅच, तेरा एप्रिल, होटगी रोडचा हॉल. जेवण, सरांचा सत्कार, फोटो — आणि अंताक्षरी. खाली इंद्रायणीनं लिहिलंय, "विजयालक्ष्मीला पंच करा गं, तिला कुटं गाणी येतात!" लगेच बत्तीस जणांचे अंगठे.

पंचावन्न वर्षांची बाई आहे मी. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं झाली. पाच प्राचार्य बदलले, कुठली फाईल कुठं आहे ते अजून मलाच विचारतात. आणि ह्यांच्या लेखी मी नववीच्या सहलीच्या बसमध्येच बसलेय! भेंडी माझ्यावर आली, 'म' आला. मला 'म'वरून जे येत होतं ते म्हणून टाकलं — वचन. कानडीतलं, आपल्या अभंगासारखं, अख्खं, हात जोडून! आमच्याकडं अप्पा रोज संध्याकाळी एकेक वचन पाठ करून घ्यायचे, दुसरं काही येतच नव्हतं मला. बस खदाखदा हसली. ड्रायव्हरसुद्धा. तेव्हापासून दहावी होईपर्यंत माझं नाव 'अज्जी'.

जाणार नाही. विषय संपला.

४ फेब्रुवारी

अजून हसायलेत. मेल्यांनो, नातवंडं झाली तुम्हाला!

९ फेब्रुवारी, रविवार

पाण्याचा दिवस. चार दिवसांनी नळ आला. टाकी भरायला लावली आणि शेंगाची चटणी कुटायला बसले. ग्रुपवर कुणीतरी 'सरावासाठी' म्हणून गाणी टाकत होतं, फोन सारखा टुणटुण. बंद करायला गेले आणि चटणीच्या बोटानं एक गाणं लागलं. हात बरबटलेले, म्हटलं वाजू दे.

दोघांचं आहे. बाई एक ओळ म्हणते आणि तो लगेच येत नाही. दारात जरा थांबून मग आत यावं तसा येतो. मग बासरी. मग ती तीच ओळ परत म्हणते, पण आता ती वेगळीच झालेली असते! टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यावरून खाली. शिवराज ओरडत आले, "अगं, टाकी!" म्हटलं, थांबा हो जरा! सहा वेळा ऐकलं. ओळी इथं लिहीत नाही. लिहून बघितल्या, नुसते शब्द राहतात.

चाळीस वर्षांपूर्वीचं गाणं. म्हणजे मी पंधरा वर्षांची होते तेव्हा हे होतं! चहाच्या टपरीवर होतं, सलूनमध्ये होतं, सगळ्या जगाला मिळत होतं. मलाच तेवढं नाही.

११ फेब्रुवारी

खोटं कशाला लिहू. कधीच कानावर पडलं नाही असं नव्हे. एसटीत, लग्नात, टीव्हीवर पडत होतंच. पण मिक्सरचा आवाज ऐकावा तसं. 'आपलं ते नव्हे' हे इतकं पाठ झालं होतं की लग्नानंतर अडवणारं कुणी नव्हतं, तरी मीच म्हणायचे, मला गाण्याबिण्यातलं काही कळत नाही बाई! वर तोऱ्यात! ह्याचा तर जास्तच राग येतो.

अप्पा! गुरुसिद्धप्पा मास्तर! घरात रेडिओ नाही. शेजारचा लागला की आमची खिडकी बंद, मे महिन्यातसुद्धा, अंगातून घामाच्या धारा. गणपतीत मंडळाचा कर्णा सुरू झाला की आम्हाला पाढे — कर्ण्यापेक्षा मोठ्यानं. एकदा नव्या पेठेत सोड्याच्या दुकानापुढं गाणं ऐकत उभी राहिले तर तिथंच, चार लोकांत, कानाखाली. "गाण्यानं डोक्यात भुसा भरतो." भुसा!

आणि आता आई, आमची अव्वा, गेल्यापासून सहा वर्षं माझ्याचकडं आहेत. माझ्या हातची भाकरी खातात. आत्ता बाहेरच्या खोलीत जपाला बसलेत. निवांत.

१६ फेब्रुवारी

शिवराजना सगळी येतात! म्हणजे सुरुवात येते, पुढं 'ललला'. बत्तीस वर्षं संसार केला आणि ह्या माणसाच्या पोटात एवढी गाणी होती! म्हटलं, कधी बोलला नाहीत ते? तर म्हणे, "एकदा गुणगुणलो होतो. तू म्हणालीस, तोंड बंद ठेवून दाढी करता येत नाही का."

म्हणाले असेन. म्हणून काय माणसानं कायमचं गप्प बसायचं?

२ मार्च

एकोणचाळीस पाठ. वहीत वर्षवार लावलीत, ऐंशी ते शहाऐंशी आधी. शिवराज विचारतात, "बोर्डाची परीक्षा हाय का गं?" व्हय, हाय! जाणार मी गेट-टुगेदरला. बघतेच एकेकीला.

५ मार्च

सकाळी संभाजी तलावाला चक्कर मारताना कानात एक नवीन लावलं. नवीन कसलं, ब्याऐंशीचं. सुरुवातीला नुसता तबला, मग ती गायला लागायच्या आधी श्वास घेते — तो श्वास ऐकू येतो! बाकावर बसले आणि रडले. समोरून चालणाऱ्या बाईनं विचारलं, "बरं वाटंना का?" म्हटलं, ॲसिडिटी.

एवढं चांगलं असतं हे! एवढं! आणि मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं नाही हे सोडा, लपवलं. भाकरी लपवावी तसं लपवलं माझ्यापासून.

९ मार्च

आजपासून इअरफोन बंद. मोठ्यानं लावते. मधल्या खोलीत, अप्पांना ऐकू जाईल असं. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांनी दिसत नाही, कान मात्र मांजराचे. पूजेच्या वेळेला लावत नाही, तेवढी लाज आहे मला. एरवी सगळं. म्हटलं, बघू आता कुठली खिडकी लावता!

भिंतीला टेकून बसून राहिले. साधं 'साकु' नाही. पूर्वी त्या एका 'साकु'त, 'पुरे'त, अख्खं घर चिडीचूप व्हायचं.

११ मार्च

आज अप्पा एवढंच म्हणाले, "ते कालचं नाही लावलंस." टोमणा! ह्या वयातसुद्धा टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही.

१३ एप्रिल, रविवार

जाऊन आले. एकशे बारा गाणी घेऊन गेले होते, कडव्यांसकट.

पहिल्याच फेरीत 'र' आला. मी सुरू केलं. दुसरं कडवं म्हटलं, तिसरं म्हटलं. तिसरं तर कुणाला ठाऊकच नव्हतं. टाळ्या, शिट्ट्या. इंद्रायणी येऊन गळ्यात पडली, "अगं, लपवून ठिवलंवतीस व्हय इतकी वर्षं!" इथंच उठून यायला पाहिजे होतं मी.

मग एकेक सुरू झालं. हे गाणं आलं तेव्हा आपण गणिताचा तास बुडवून थेटरला गेलो होतो. हे माझ्या ताईच्या हळदीला वाजत होतं. ह्याच्यावर पृथ्वीराज गॅदरिंगला नाचला आणि त्याची पँट उसवली! पृथ्वीराजनं उठून टकलावरून हात फिरवत परत नाचून दाखवलं. लोक हसून हसून रडायला लागले. प्रत्येक गाण्याला कुणाचं ना कुणाचं काहीतरी होतं. मग सगळे माझ्याकडं वळले. तुझं सांग की! तुझी कुठली आठवण?

काय सांगू? फेब्रुवारीत चटणी कुटताना ऐकलं म्हणून?

मला गाणी येतात. आठवणी येत नाहीत. त्या कुठं पाठ करता येतात! बाथरूमला जाते म्हणून उठले, रिक्षा केली, घरी आले. जेवणसुद्धा तसंच राहिलं.

१५ एप्रिल

परवा हॉलवरून आले ती तशीच अप्पांपुढं उभी राहिले. चपला पायातच होत्या. काय झालं ते लिहायला दोन दिवस हात धजला नाही.

"माझी सगळी वर्षं मुकी करून टाकलीत तुम्ही!" असं म्हणाले. किंचाळले. "गाण्यानं भुसा भरतो म्हणे! भरू द्यायचा होता! आज काय आहे माझ्या डोक्यात? एकोणतीसचा पाढा! कोण विचारतंय मला एकोणतीसचा पाढा?"

अप्पा चाचपडत उठून बसले. मग मास्तरकीच्याच आवाजात, पण बारीक, "चुकलं असंल माझं. पण दिली होती की तुला."

"काय दिली होती?"

"कॅसेट. लग्नात. सात रस्त्याला भरून घेतली होती. साठ मिनिटांची."

डोकं फिरलं माझं! तेव्हा दुकानात यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर हवं ते भरून द्यायचे. लोक काय काय भरून घ्यायचे! आणि ह्यांनी? "वचनांची कॅसेट, अप्पा! वर तुमच्याच छापल्यासारख्या अक्षरात — 'वचने'! रुखवतात मांडलीत. माझ्या सासूनं उचलून बघितली आणि सगळ्यांना दाखवली, मास्तरांचे संस्कार म्हणून! जन्मभर तेच घोकून घेतलंत, आणि सासरी जातानाही तेच पदरात!"

"ऐकली नाहीस?"

"कशाला ऐकू?"

"वचनं तुला पाठ होती की," एवढंच म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

म्हणजे काय? पाठ होती म्हणून ऐकायची गरज नव्हती? मग दिलीत कशाला! चाळीस वर्षं पोरांना तर्कशुद्ध लिहा म्हणून छड्या मारल्या, आणि स्वतःचं बोलणं बघा!

१७ एप्रिल

अप्पा धड जेवत नाहीत. अर्धी भाकरी, ताक, झालं. शिवराज मला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला बोलून काय मिळवलंस तू?" म्हटलं, तुम्ही मधे पडू नका. तुमच्याकडं रेडिओ होता.

१८ एप्रिल

कॅसेट सापडली. आमच्या नंदीशच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांच्या पिशवीत. 'वचने' खोडून वर मीच लिहिलंय, 'नंदीश — पोएम'. नव्व्याण्णव साल. चार वर्षांचं होतं पोरगं. पोएम एवढ्या गोड म्हणायचं, आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मग हीच घेतली. दुकानदारानं पुसली जाऊ नये म्हणून खिट्टी मोडलेली होती, तिथं चिकटपट्टी लावली आणि केलं रेकॉर्ड. जरासुद्धा वाईट वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं! नंदीश पुण्याला गेल्यावर कितीदा ऐकली. पोएम संपल्या की मागं फिरवायची, परत पहिल्यापासून.

ठरलं. अप्पांच्या पुढ्यात लावणार. कळू दे त्यांना, त्यांच्या वचनांचं मी काय केलं ते! शिवराज माळ्यावरून टेप काढून देईनात. मीच स्टुलावर चढले. आतला पट्टा गेलाय. सात रस्त्याला एक जण अजून दुरुस्त करतो म्हणे, उद्या नेते.

२० एप्रिल, रविवार

टेप अप्पांच्या उशाशी ठेवला. आवाज पूर्ण केला. म्हटलं, ऐका, हे तुमच्या वचनांवर रेकॉर्ड केलंय मी. पोएम झाल्या, आकडे झाले, मधेच दूध नको म्हणून भोकाड, शेवटी "थँक्यू टीचर". सतरा-अठरा मिनिटं. नेहमी मी इथंच बंद करते. आज केला नाही, त्यांचं तोंड बघत उभी होते.

खट्‌ झालं. आणि बाईचा आवाज, अंतऱ्याच्या मधूनच. वचन नव्हे, गाणं. माझ्या वहीतलं, त्र्याऐंशी सालातलं.

अप्पांचं बोट चादरीवर ठेका धरत होतं. "हे पाचवं," म्हणाले. "आधीची चार गेली वाटतं."