गडग्यावरचं रडार

पावस, ता. १८ एप्रिल १९८६

चि. रा. रा. जावईबापू हरिश्चंद्रराव यांस आत्मारामचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहोत, निदान तसं लिहायची पद्धत आहे. नात चि. राहीचा खोकला थांबला का? तुमच्या मुंबईच्या हवेवर माझा काडीचा विश्वास नाही.

तुमच्या कंपनीने चाचणीसाठी दिलेलं रडार बागेच्या हद्दीवरच्या दगडी गडग्याकडे तोंड करून तिपाईवर उभं केलं आहे. कोणी हललं की कानाला लावायच्या फोनात खर्रखर्र वाजतं. (सुरुवातीला माडाच्या झावळ्या आणि वानरं, एवढेच चोर पकडले.) पण मग रोज दुपारी, फोन कानाला लावून मी आडवा झालो की, गडग्यावर पावलं वाजू लागली. वानराची नव्हेत, सावकाश, दम खात टाकलेली. उठून जाईपर्यंत तिथे कोणी नाही. माझा संशय सरळ महिपतवर. हा माझा चुलतभाऊ गडग्यापलीकडेच राहतो आणि हद्दीच्या दाव्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. ऐन हापूसच्या मोसमात तो इकडे काय देवदर्शनाला येणार?

तुमच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, जागेचा देव, राखणदार, फिरत असेल, यंत्र लावून तुम्ही त्याचा अपमान केलात. आता हद्दीचा राखणदार मीही मानतो. शिवा गड्याला घेऊन गडग्यावर नारळ ठेवला, रीतसर गाऱ्हाणं घातलं. दुसऱ्या दिवशी नारळ गायब, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात ओल्या नारळाच्या करंज्या! देव नारळ घेतो हे ठाऊक होतं, करंज्या करून परत पाठवतो हे नवीन. शिवाय त्यांना हाताने मुरड घातलेली. (आमच्या घरी करंजी कातण्याने कापतात, मुरड घालतात ती पलीकडे.) माझं डोकं सणकलं. यंत्राबरोबर आलेल्या पेटीतला भोंगा काढून त्याला जोडला.

दुपारी भोंगा ओरडला तसा मी काठी घेऊन धावलो. गडग्यावर महिपतची आई, आमची मथुराकाकू, हातात डबा धरून थिजून बसलेली. रोज मी आडवा झालो की ती मागच्या दाराने तुमच्या सासूबाईंकडे चहाला येते, हे माझ्याखेरीज सगळ्या बागेला माहीत होतं. (शिवालासुद्धा! त्याला ठेवावा की नाही, विचार चालू आहे.)

"मेल्या आत्मू, म्हातारीवर भोंगा लावलास काय रे?" एवढंच बोलली आणि माघारी वळली. आई वारल्यावर मला तिनेच वाढवलं. फार वाईट वाटलं हो. तेव्हापासून काकू येत नाही. तुमच्या सासूबाई दुपारी दोन कप मांडतात, एकच भरतात, आणि माझ्याशी बोलत नाहीत.

बाकी काय लिहू? लोभ आहेच, तो यंत्रापायी कमी होऊ देऊ नये.

आपला,
आत्माराम

ता. क. : महिपतवर वाजेल पण त्याच्या आईवर वाजणार नाही, असं काही यंत्रात करता येतं का? साहेबांना विचारा. महिपतवरचा संशय मी सोडलेला नाही.

पुन्हा ता. क. : ते जमत नसेल तर येत्या रविवारी स्वतः या आणि काकूच्या पाया पडून सांगा, की भोंगा तुम्हीच जोडून गेला होतात, मला पत्ताही नव्हता. जावयावर ती रागावणार नाही, असं वाटतं. नाही म्हणू नका, कारण मी तिला तसं कालच गडग्यावरून ओरडून सांगितलं आहे. तेव्हापासून ती पलीकडे तुमची वाट बघत बसली आहे. हातात डबा आहे की काठी, ते इथून दिसत नाही.