पाच पत्त्यांची चिठ्ठी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नाही, पडदा आहे. म्हणून पत्र.

वजनकाट्यांच्या कारखान्यातून मला घरी बसवलं त्याला चार महिने झाले. एकोणीस वर्षं मी तयार काटे तपासले. आता ते काम एक यंत्र करतं, आणि ते चहालाही उठत नाही. तू नर्स, म्हणजे आधी तब्येत विचारणार. झोप लागते, हाताची थरथर थांबलीय, तू सांगितलेलं फिरणंही चालू आहे. दुखणं निराळंच आहे.

ही आठवड्यातून तीनदा दुपारी दोनला मोठी पिशवी घेऊन बाहेर पडते. मैत्रिणीकडे शिवण शिकते म्हणते. अंगावर एक दोरा चिकटलेला नसतो, चपला मात्र धुळीने माखलेल्या. काल सकाळी ही अंघोळीला गेली तेव्हा मी पिशवी उघडली. आत चिठ्ठी. पाच पत्ते, तीन खोडलेले, अक्षर हिचंच. ताई, ही खोली तर शोधत नसेल? माझ्यासारख्या बिनकामाच्या माणसाला सोडून जायचं तर आधी खोलीच लागेल.

हिला यातलं काही कळू देऊ नकोस. लोभ आहेच, तो या पत्रामुळे कमी होऊ नये.

तुझा,
खुसपट

ता. ९ फेब्रुवारी

चि. खुसपट यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही. हे नाव तुला मी ठेवलं, कारण सहाव्या वर्षी तू माझी वेणी धरून सांगितलं होतंस, की डावा पेड उजव्यापेक्षा बारीक झालाय. त्या गुणावर तू एकोणीस वर्षं पोट भरलंस. पण तो गुण बायकोच्या पिशवीत घालायचा नसतो.

तिला जायचंच असतं तर तुझा हात थरथरत होता तेव्हा गेली असती. तेव्हा ती तुला घास भरवत होती, मी समोर बसून पाहिलंय. तिला सरळ विचार, नाहीतर गप्प बस. मला मात्र मध्ये ओढू नकोस. दोन्हीकडचं बोलणं मला जमत नाही.

फिरणं चुकवू नकोस. आशीर्वाद आहेत, त्यांची तपासणी करू नये.

तुझी,
ताई

ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

'दोन्हीकडचं' म्हणजे काय? दुसरीकडे कोण आहे? त्या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय.

आणि आज हे. काटे दुरुस्त करणाऱ्या कुणा मालकीणबाईंनी मला भेटायला बोलावलंय. मी अर्ज केलेला नाही. तरी त्यांना माझं नाव माहीत, काम माहीत. पाकिटावरचा पत्ता हिच्या चिठ्ठीतला, न खोडलेल्यांपैकी एक. हिला विचारलं तर म्हणाली, बोलावलंय तर जाऊन या, आणि पडद्याआड निघून गेली. पाणी कुठेतरी मुरतंय. तूच कुणाकडे शब्द टाकलास ना? दयेची नोकरी मला नको.

उत्तर लवकर लिही, आणि खरं लिही.

खुसपट

ता. २० फेब्रुवारी

चि. खुसपट,
आशीर्वाद.

मी कुणाकडे शब्द टाकलेला नाही. टाकला असता तर तुला तोंडावर सांगितलं असतं. कोऱ्या कागदावर सही करू नकोस, अस्सल दाखले हातातून सोडू नकोस. पण जा. दाढी करून जा.

ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. गल्लीच्या टोकाला पत्र्याचं छप्पर, आत मालकीणबाई आणि दोन कारागीर. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून सगळे ओरडून बोलतात. भांडण चाललंय असं वाटून मी दारातूनच परतणार होतो. तेवढ्यात टेबलावरचा काटा दिसला. तो माझा होता. घरी बसल्या बसल्या मी भंगारातून आणून तो नीट केला होता आणि कॉटखाली सारला होता.

बाई म्हणाल्या, की तुमच्या मंडळी आल्या होत्या. त्यांनी नोकरी मागितलीच नाही. काटा ठेवला आणि यात चूक काढून दाखवा म्हणाल्या. आम्ही तिघं आठवडाभर बघत होतो, सापडली नाही.

मग त्यांनी माझ्यापुढे सहा काटे ठेवले आणि यातला खोटा कुठला, ते विचारलं. मी सहाही तपासले, पुन्हा तपासले. शेवटी ओरडूनच सांगितलं, की एकही खोटा नाही, तुम्ही माझी परीक्षा घेताय. बाई हसल्या नाहीत. सोमवारपासून या म्हणाल्या.

ताई, आधीच्या चार दारांत हिला काय काय ऐकावं लागलं असेल? घरी येऊन नोकरीचं सांगितलं. पिशवीचं नाही सांगितलं. सांगू का? नाही सांगितलं तर तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

तुझा,
खुसपट

ता. १२ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

'आजच सांग' अशी एकच ओळ तुम्ही यांना लिहिलीत म्हणे. यांनी त्याच दिवशी सांगितलं. मी खोली शोधतेय असं यांना वाटलं! चौथ्या ठिकाणी मला हसून दारातून परत पाठवलं होतं, तेव्हाही एवढं रडू आलं नव्हतं. दोन दिवस मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण शिवणाचं खोटं मीही सांगितलं होतंच. खरं सांगितलं असतं तर यांनी जाऊ दिलं नसतं, हे यांनीच कबूल केलं. फक्त तुम्हाला सांगितलेलं माझं गुपित तुम्ही सांभाळलंत आणि त्यापायी यांची बोलणी खाल्लीत, त्याबद्दल काय लिहू?

यांचं काम चांगलं चाललंय. काल मालकीणबाईंनी मला बोलावलं होतं. दुकानादुकानांत काटे दाखवत फिराल का, असं विचारलं. मी हो म्हटलं. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी दारातच यांना सांगितलं. यांनी कुठल्या कुठल्या दुपारी, एवढंच विचारलं. मी म्हटलं, सगळ्या.

काळजीने विचारलं की संशयाने, ते मला अजून कळलेलं नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, आणि मीही यांच्या तोंडाकडे बघूनच उत्तर दिलं.

तुमचा लोभ आम्हा दोघांवर सारखाच असू द्या.

तुमची,
भावजय