अव्वाच्या पाठीवर उभं राहताना

ग्वाल्हेर, ९ डिसेंबर १९७४

ती. अव्वास, गिरिजेचा वाकून नमस्कार.

हे पत्र धाकट्या शरणूकडून मोठ्यानं वाचून घे. मी ठीक आहे. पहाटे थंडीत धावावं लागतं, पण खोकला आता गेलाय.

काल इथल्या व्यायामशिक्षणाच्या कॉलेजात सरांनी कण्याची हाडं दाखवली आणि मला आपली सोलापूरची खोली आठवली. दिवसभर विड्या वळून तू पालथी पडायचीस. मी भिंतीला धरून तुझ्या पाठीवर उभी राहायचे. "हितं न्हाय गं, जरा खाली. हां, लई बरं वाटतंय बघ," म्हणायचीस.

सर म्हणाले, कण्यावर असं कुणाला उभं करू नये. मी हात वर करून सांगितलं, "माझ्या आईची पाठदुखी त्यानं थांबायची." त्यांनी विचारलं, "थांबायची, की ती तसं म्हणायची?"

म्हणून आज आधी हे पत्र लिहायला बसले.

शरणू, आता अव्वाच्या पाठीवर चढायचं नाही. गरम पाण्यानं शेकून दे. दर तासाला तिला विड्यांच्या सुपापुढून उठव, चालायला लाव.

अव्वा, पायाला मुंग्या येतात का? येत असतील तर दवाखान्यात जा. मला बरं वाटावं म्हणून खोटं कळवू नकोस.

तुझी,
गिरिजा