कपाटातल्या अस्वलाची भारचाचणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा तळमजल्यापर्यंत वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून घरात तोच सगळ्यांत मोठ्यानं बोलतो? मुलांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर मी पार खचलो आहे, आणि त्याला एक अस्वल कारणीभूत आहे.

तू फोनवर विचारलं होतंस, सुट्टीत आम्ही सगळे आलो की तो नवा अस्वलाचा पिक्चर एकत्र बघायचा का, सासूबाईंसकट? मुलांच्या देखत मान खाली घालायची वेळ नाही ना येणार? वर म्हणालीस, "तू आधी बघून कळव, तपासणं तुझं कामच आहे." ताई, मी लिफ्ट तपासतो. बावीस वर्षं लोकांच्या इमारतींत जाऊन दोर, दरवाजे आणि धोक्याची घंटा बघतो आणि ही लिफ्ट इतकी माणसं पेलते अशी पाटी लावून देतो. पण आपल्या घरात एकदा कुणाच्या गळ्यात तपासणी पडली की कलिंगडापासून जावयापर्यंत सगळं त्यालाच तपासावं लागतं. (भावोजींना 'योग्य' हा शेरा मीच दिला होता, याची त्यांना अधूनमधून आठवण देत जा.)

गोष्ट तुला ठाऊकच आहे. लहानपणी आपण दोघं जमिनीवर पालथे पडून ते कार्टून बघायचो. एका घराच्या कपाटात म्हातारं अस्वल राहतं. सुट्टी लागली की बाहेर येतं, मुलांना पाठीवर घेतं, आईच्या कपबश्यांचा चुराडा करतं आणि सुट्टी संपली की कोटांच्या मागे जाऊन वर्षभर झोपतं. दार लागायचं, ढोल वाजायचा आणि आपण हसून हसून लोळायचो. आता तेच खऱ्या माणसांना घेऊन काढलंय. अस्वलाच्या कातड्यात कुणी वयस्कर नट आहे.

आमच्या कामात लिफ्ट आधी रिकामी फिरवतात, मग भार घालून. त्याप्रमाणे बुधवारी अर्धी रजा टाकून मी एकटाच दुपारच्या खेळाला गेलो. तपासणीचा फॉर्मही नेला होता (सवय, दुसरं काय). चुंबन एक, तेही गालावर. शिवी नाही. मारामारी आहे, पण उशांची. दोर ठीक, दरवाजे ठीक. मग शेवट आला. ताई, कार्टूनमधल्या अस्वलाला गुडघे नव्हते. ह्याला आहेत. ते कपाटाकडे जाताना भिंतीला हात लावत लावत जातं. घरातली माणसं टेबलाशी बसून उद्याच्या कामाचं बोलत असतात. वाईट त्यांच्यात कुणीच नाही, फक्त मागे वळून कुणी बघत नाही. अस्वल कपाटात शिरतं आणि दार स्वतःच आतून ओढून घेतं. ढोल नाही, काही नाही. नुसता कडीचा आवाज. मी रडलो. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मला रुमाल दिला. त्यांच्या मांडीवरचं पोर मात्र खदाखदा हसत होतं.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मला आठवली ती भारासह फेरी. घरात सगळ्यांत वडील कोण? नाना. त्यांना झेपलं तर तुझ्या सासूबाईंनाही झेपेल, म्हणून शनिवारी मी नानांना घेऊन गेलो. आपल्या वडिलांना, ताई! ज्यांच्याबद्दल गेल्याच महिन्यात मी तुला फोनवर म्हणालो होतो की हे घर चार माणसांचं आहे, थोरल्याला अभ्यासाला खोली हवी, नानांचा टीव्ही पार जिन्यात ऐकू येतो, तेव्हा सुट्टी संपली की जाताना त्यांना कायमचं तुझ्याकडे घेऊन जा. नानांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं, धीरच होत नव्हता. आणि त्याच नानांना मी स्वतः तिकीट काढून हा पिक्चर दाखवला. एवढी मोठी चूक मी बावीस वर्षांत कुठल्याच लिफ्टमध्ये केलेली नाही.

नाना पॉपकॉर्न खात शांत बसले होते. कडी लागली तेव्हा मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी फक्त चष्मा पुसला. बाहेर पायऱ्या उतरताना म्हणाले, "दार त्यानं स्वतःच लावलं ते बरं केलं. बाकीच्यांना अवघड झालं असतं." मी त्यांना आइस्क्रीम घेऊन दिलं. एक संपल्यावर दुसरं.

रविवारी सकाळी बघतो तर नाना पलंगावर बॅग उघडून बसलेले. स्वेटर, दाढीचं सामान, रेडिओ. विचारलं तर म्हणाले, "आवरतोय जरा." मी बॅग रिकामी केली. सोमवारी ती पुन्हा भरलेली. तुझी भावजय माझ्याशी कामापुरतंच बोलते. टीव्ही दोन दिवस बंद आहे आणि ही शांतता मला सहन होत नाही. शेजारचे मास्तरही जिन्यात थांबवून विचारतात, सगळं बरं आहे ना? थोरला म्हणतो, आजोबांचा टीव्ही नसला की अभ्यासात लक्ष लागत नाही. कार्ट्याला हे गेल्या महिन्यात सुचलं असतं तर!

तेव्हा माझा शेरा असा: मुलांना योग्य, सासूबाईंना योग्य, आणि ज्यांनी आपल्या वडिलांबद्दल बहिणीला फोन केला आहे त्यांना सक्त मनाई. म्हणजे आपल्या कुटुंबासाठी अयोग्य.

तुझा,
दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला भाऊ

ता. क. मुलांना खुशाल दाखव. आमची धाकटी मैत्रिणीबरोबर बघून आली. म्हणते, कपाटात अस्वलाचा छोटासा दिवा होता, किती छान. मी दोनदा पाहिला, मला दिवा दिसलाच नाही.

ता. क. २ खरं काम राहिलंच. आलीस की नानांना सांग, तुझ्याकडे यंदा जागा नाही. घराला रंग देताय म्हण, भावोजींचा खोकला म्हण, काहीही सांग. मी राहा म्हटलं तर त्यांना वाटतं, पिक्चर बघून पाघळलोय. (पाघळलोच आहे.) माझ्यासाठी एवढं खोटं बोल ताई, मला ते इथे हवे आहेत.

ता. क. ३ (अक्षर ओळखशीलच) बाळ, हे पाकीट पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. नीट चिकटवलेलं नव्हतं. मला कमी ऐकू येतं असं ह्या घरात सगळे धरून चालतात, पण तुझा भाऊ फोनवर बोलतो केवढ्यानं! त्या अस्वलाला बोल लावू नका, माझी बॅग आधीच भरून पलंगाखाली होती, फक्त रेडिओ राहिला होता. जागा नाही असं काही मला सांगू नकोस, खोटं बोलताना तुला उचकी लागते. मी तुझ्याकडे महिनाभर येईन, आणि परत येईन. त्याला म्हणावं, ती चार माणसांची पाटी काढ. हे घर पाच माणसं पेलतं. सहा वर्षं रोज आत उभा राहून पाहिलंय मी.