धोंडोपंत मजेत आहेत

अहो,

नळ आला होता. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, तेही जेमतेम पाऊण तास. म्हणून मी पोहे धुवायला घेतले आणि पिंपाजवळ तुम्हाला उभं केलं. तुम्ही नळी पिंपात सोडलीत आणि दोन्ही हातांनी ते खेळाचं मशीन धरलंत. पिंप भरलं, वाहायला लागलं, पाणी पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं. मी ओरडले, "अहो, पिंप वाहतंय!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "थांब जरा, धोंडोपंत झोपलेत. उठले की बंद करतो."

मी चाळणी आपटली होती. आठवतं का?

आज लिहायला बसले, कारण काल माझ्या छातीवरून एक ओझं उतरलं. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, ओझंही तेवढंच जुनं. ते काय होतं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही!

पण आधी कबूल करते, मला तो खेळ आवडत नव्हता. मिलच्या फाटकाला कुलूप लागलं आणि तुमच्या बरोबरीचे सगळे धावत सुटले. कुणी पीथमपूरच्या नव्या कारखान्यात लागलं, कुणी ऑटो चालवायला घेतली, चौहानजी देपालपूरला धान्याच्या आडतीवर बसले. तुम्ही पुढच्या खोलीत लोकांच्या शिलाई मशिनी दुरुस्त करायला लागलात, आणि काम नसलं की आपल्या वैशूच्या हातात धरायच्या गेमवर. माझ्या भावाने, बाळूने, तो मस्कतहून भाचीसाठी आणला होता. दोन महिन्यांत पोर रडकुंडीला आली. "आई, बाबा माझा गेम देतच नाहीत!" पुढच्या खेपेला बाळूने दुसरा आणला आणि तुमच्या हातात ठेवला. "घ्या जिजाजी, आता बाप-लेक लढा."

चौहानजी आले की दारातूनच हाक मारायचे, "काय भिया, कासव अजून चालूच आहे का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही मात्र त्यांना खुर्ची द्यायचात आणि समजावायला लागायचात.

मलाही समजावायचात. मी भाजी निवडत हं-हं करायचे. पण कान उघडे होते. मला कितपत कळलं ते तपासून घ्या, आणि चुकलं तर हसू नका.

त्या खेळात शेकडो प्राणी. प्रत्येकाने आपले थोडे निवडायचे, शिकवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. वैशू आणि तिच्या मैत्रिणी विजेसारखे चपळ प्राणी घ्यायच्या. आधी चाल, जोरात मार, खेळ खलास. तुम्ही घेतलात तो पाठीवर दगड वाहणारा, बारीक डोळ्यांचा, सगळ्यांत मंद. नाव काय ठेवलंत, तर धोंडोपंत! मी विचारलं होतं, "ह्याला कुणी घेत नाही म्हणून दया आली का?"

"दया कसली? ह्याला पाडता येत नाही, म्हणून घेतला."

मग सांगितलंत. धोंडोपंतांनी मारायचं नाही. आधी समोरच्यावर थोडं विष फुंकायचं आणि आपल्याच पाठीवरच्या दगडात शिरून बसायचं. समोरचा दणादण मारतो, विष त्याला आतून खात राहतं, आणि धोंडोपंत जवळच्या शिदोरीतला एकेक घास खात भरून निघतात. फारच लागलं तर झोप काढायची. त्यांची चाल नेहमी शेवटी, आणि तेच तुम्हाला हवं होतं. "चपळ प्राणी आधी बरा होतो आणि वर मार खातो," तुम्ही म्हणायचात. "माझा आधी मार खातो, मग बरा होतो. म्हणजे भरलेलं वाया जात नाही."

पाण्याची मात्र त्यांना भीती. समोरून पाण्याचा मारा येणार असं वाटलं की तुम्ही त्यांना मागे घ्यायचात आणि तुमच्या दुसऱ्या प्राण्याला, शेवाळीला, पुढे करायचात. ती पाणी पिऊन उलट जाडजूड व्हायची. तुमच्या काकू यायच्या तेव्हा तुम्ही मला असंच पुढे करायचात, ते काय मला कळत नव्हतं?

सराव करून कमावलेली ताकद कशात घालायची, यावरून वैशूशी तुमचं भांडण. ती म्हणायची, "बाबा, थोडं तरी वेगात घाला ना!" तुम्ही एक कणही घातला नाहीत. तुम्ही वीस-बावीस वर्षं सायझिंग खात्यात, मागावर चढण्याआधी सुताला खळ लावणारे. म्हणालात, "पळायचं काम मागाचं. सुताचं काम एकच, तुटायचं नाही. मी ह्याला खळ लावतोय."

त्या दिवशी मी म्हटलं ते म्हणायला नको होतं. "सगळं जग पळतंय, तुम्ही बसून खळ लावा." तुम्ही रागावला नाहीत. "सुमन, पळणाऱ्यांत माझा नंबर लागत नाही गं," एवढंच म्हणालात आणि पुन्हा खाली बघायला लागलात.

नंतर वैशू कॉलेजसाठी भोपाळला गेली. बसस्टँडवर मी हमालाशी हुज्जत घालत तिची ट्रंक टपावर चढवत होते, आणि तुम्ही दोघं बाकावर, मांडीवर मशिनं, मध्ये ती काळी तार! कंडक्टर ओरडतोय, "भोपाल, भोपाल!" आणि तुमचं चाललंच आहे. मी किती बोलले! "इथेसुद्धा खेळ? पोर चाललीय!" तुम्ही दोघं चोरासारखे हसलात.

त्यानंतर तुम्ही चार महिने होतात. मी चहा देताना टोमणा मारायचे, "काय, धोंडोपंत कसे आहेत?" तुम्ही म्हणायचात, "मजेत आहेत."

आता ओझ्याचं सांगते.

तेरावं झालं, वैशू परत गेली, घर रिकामं झालं. एका दुपारी कपाटातून तुमचं मशीन काढलं. धोंडोपंतांना एकदा बघावं, बस. पडद्यावर दोन ओळी आल्या. वर 'कंटिन्यू', खाली 'न्यू गेम'. अहो, वरची ओळ म्हणजे तुमचा चालू खेळ. तुमच्या ताटात मी कधी जेवले नाही, तुमचा चालू खेळ कशी दाबणार? भलतंच वाटलं. म्हटलं, आपण आपला वेगळा उघडू, त्यात कुठेतरी भेटतील. तुमचं तुमच्या जागी राहील, जशा वाचनालयात दोघांच्या नावाच्या दोन वह्या राहतात. खालचं दाबलं. माझं नाव घातलं. थोडं इकडेतिकडे फिरले. धोंडोपंत दिसेनात. बंद करताना मशीनने विचारलं, सांभाळून ठेवू का? मी हो म्हटलं. त्याने आणखी एक लांब वाक्य टाकून विचारलं. ते पुरतं न वाचताच पुन्हा हो म्हटलं. सांभाळायला कोण नाही म्हणेल?

वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून वाचायला शिकलेली मी. वैशूच्या पुस्तकांवरून इंग्रजी अक्षरं गिरवलेली. रद्दीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. आणि तेवढं एक वाक्य सोडलं!

पुन्हा लावलं तेव्हा 'कंटिन्यू'समोर माझं नाव होतं. तुमचं कुठेच नव्हतं. त्या मशीनमध्ये एकच खेळ राहतो, आणि ते लांब वाक्य तेच विचारत होतं, जुना पुसू का? तुम्ही गेलात त्यात माझा हात नव्हता. हे मात्र मी माझ्या हाताने पुसलं होतं.

वैशूला फोनवर सांगितलं, "बाबांचं मशीन बिघडलं." तिने पुढे विचारलं नाही. मला वाटलं तिला आठवण सोसत नाही, तिला वाटलं मला सोसत नाही. दोघी त्या खेळाबद्दल गप्प.

परवा ती सुट्टीवर आली. काल दुपारी कपाटात काहीतरी शोधताना तिला तुमचं मशीन सापडलं. तिने आपल्या मशीनचे सेल काढून त्यात घातले. टुणकन वाजलं.

"आई, हे तर चालू आहे! तू तर म्हणालीस बिघडलंय?"

मी पोळ्या लाटत होते. लाटणं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. "तुझ्या बाबांचे धोंडोपंत मी पुसले गं," म्हटलं आणि मला रडूच आलं.

तर ती हसायला लागली! मला वाटलं, पोरीला झालं काय?

"अगं आई, धोंडोपंत माझ्याकडे आहेत!"

बसस्टँडवर तुम्ही तेच करत होतात? तारेवरून तिला धोंडोपंत देत होतात? "होस्टेलात तुझे चपळ फार वेळ टिकायचे नाहीत. ह्याला बरोबर ने," असं म्हणालात म्हणे. आणि नुसतं देता येत नाही, बदल्यात घ्यावं लागतं, म्हणून तिची ती चपळ बिजली तुम्ही घेतलीत. म्हणजे ते चार महिने तुम्ही बिजलीला खेळवत होतात, आणि मी विचारलं की "मजेत आहेत" म्हणत होतात! मला एकदा सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण मी तरी कधी नीट विचारलं!

"तू पुसलीस ती बिजली," वैशू म्हणाली. "तशीही ती एका फटक्यात पडायची."

मग सेल पुन्हा आपल्या मशीनमध्ये घालून तिने दाखवलं. तेच बारीक डोळे. होस्टेलमधल्या मुलींची स्पर्धा झाली, त्यात शेवटच्या लढतीत ते इतका वेळ टिकले की मेसमध्ये सगळ्यांची डाळ गार झाली. समोरची वैतागून म्हणाली, "यार, ये मरता क्यों नहीं?" हे सांगताना वैशू हसत होती.

मग तिने दुसरं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, पाळणाऱ्याचं नाव: दत्ता. तुमचं नाव, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. मी म्हटलं, "आता तुझा आहे, तर तुझं नाव का नाही?"

"बदलता येत नाही आई. कुणाकडेही गेला तरी ज्याने पहिल्यांदा पाळला त्याचंच नाव राहतं."

मी ते अक्षर-अक्षर वाचलं. दोनदा. किती हलकं वाटलं, सांगता येत नाही.

ती म्हणाली, "परत पाठवू का बाबांच्या मशीनमध्ये?" मी नको म्हटलं. तुम्ही विचार करून दिलेत, ते तिच्याकडेच राहू देत.

आता वचन देते. तुमचं काही मी पुसलं, असं यापुढे मनातसुद्धा म्हणणार नाही. तुम्ही बसून राहिलात असंही कुणापाशी म्हणणार नाही. आणि तुमच्या मशीनमध्ये माझ्या नावाचा जो खेळ उघडून पडला आहे, तो अर्धा टाकणार नाही.

हे सगळं काल लिहिलं. आज नाक्यावरून दोन सेल आणले, जेवण झाल्यावर वैशूला शेजारी बसवलं आणि 'कंटिन्यू' दाबलं.

तुमची,
सुमन