बाबांच्या दुनळीचं माप

लडलो, इंग्लंड, ६ मार्च १९६२

चि. आर्चीस, अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला टोस्ट हातातच राहिला. बाबांना जाऊन वर्ष नाही झालं, आणि तू नेमबाजीच्या भर क्लबात सांगून बसलास की त्यांची दुनळी रायफल मुळातच वाकडी, दोन्ही गोळ्या पत्त्याच्या एका पानात बसायच्या ही निव्वळ थाप? वर गुरुवारी बंदूकवाला नळ्या जोडणारा डाख सोडवून त्या नव्यानं जोडणार? लाज कशी नाही वाटली रे!

शहाण्या, तूच लिहिलंयस की उजव्या नळीची गोळी डावीकडे जाते नि डावीची उजवीकडे. म्हणजे काडतुसात दारू जास्त झाली! त्या नळ्या साठ वर्षांपूर्वी एका ठरावीक वेगाच्या गोळीसाठी जुळवल्यात. वेग वाढवलास की गोळ्या फुली मारणारच. म्हाताऱ्या रायफलीला जोर हवा म्हणून चढवलीस ना? एक दिवस फुटून तोंडावर येईल, मग कळेल.

बाबांची काडतुसं एकोणीस वर्षं कोण भरत होतं? मी. एकेक माप तराजूवर तोलून. बाबा मात्र क्लबात सांगायचे, मुलगा भरतो. मुलगी भरते म्हटलं असतं तर म्हणे कर्नल प्रिंगलची मिशी गळून पडली असती. तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलंच. बाबांच्या वहीतलं माप सोबत धाडलंय. त्याहून कणभर जास्त नको. नळ्यांना कुणाला हात लावू दिलास तर गाठ माझ्याशी आहे.

मुलांना पापा.

तुझी, संतापलेली,
विनीताई

इन्व्हरनेस, १४ मार्च

ति. विनीताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून तसाच पळालो. बंदूकवाल्यानं डाख वितळवायला दिवा पेटवलाच होता. रायफल ओढून घेतली, तर म्हणतो कसा, बायकांच्या पत्रावर धंदा चालत नाही. तू असतीस तर त्याची खैर नव्हती.

होय बाई, जास्तच घातली होती. सगळी काडतुसं उकलून तुझ्या मापानं भरली आणि शनिवारी चार गोळ्या झाडल्या. चारही भोकं एका तळहाताखाली झाकली गेली! कर्नलनं बाबांच्या फोटोपुढे टोपी काढली. मग माझी पाठ थोपटून सगळ्यांना म्हणाला, काडतुसं भरण्यात आर्चीचा हात अजून तसाच आहे. खरं सांगणारच होतो गं, पण तोंडातून धन्यवाद निघून गेलं. आता उन्हाळी स्पर्धेची काडतुसंही मीच भरायची असं ठरलंय. दोन दिवस येऊन गुपचूप भरून देशील का? रागावू नकोस.

तुझा,
आर्ची

लडलो, १७ मार्च

चि. आर्चीस, आशीर्वाद, तूर्तास.

गुपचूप? शुक्रवारच्या गाडीनं येतेय. शनिवारी काडतुसं भरणार ती क्लबातल्या मोठ्या टेबलावर, कर्नलच्या नाकासमोर, आणि झाडणारही मीच. एकोणीस वर्षं कोण भरत होतं, ते तू शेजारी उभं राहून मोठ्यानं सांगायचंस. जमणार नसेल तर स्टेशनवर येऊ नकोस, क्लबाची वाट मला ठाऊक आहे.

लोभ आहे म्हणून आधी कळवलं.

विनीताई