सीमाच्या पांढऱ्या सॉसचे पातेले

मी, नर्मदाबाई दोधू माळी, वय एकसष्ट, राहणार कोरीट, तालुका व जिल्हा नंदुरबार, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबाखाली न येता, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. सोमवारी सुरतेला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर खात्री देत नाहीत.

एक. माझे दोन खोल्यांचे घर मुलगी सीमा हिचे. ती आजारी आहे म्हणून तिचा हक्क कमी होत नाही, हे मुलगा मिथुन याने लक्षात ठेवावे.

दोन. बँकेतील शिल्लक सीमाच्या उपचारालाच लावावी. माझ्या तेराव्याला बुंदी पाडू नये.

तीन. दीर शिवाजी यांनी नेलेली लोखंडी शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. ती माझी आहे, एवढे मात्र त्यांनी चारचौघांत म्हणावे.

चार. जाड बुडाचे पातेले, लाकडी चमचा व किसणी सून आशा हिला. माझा जीव या कलमात अडकला आहे.

कॅन्सरच्या उपचारांनी सीमाचे तोंड फोडांनी भरले आहे. खाल्ले नाही तर पुढचा उपचार थांबेल, असे डॉक्टर सांगतात. सुरतेला नोकरीत असताना ती हॉटेलात लसूण-चीजचा पांढरा सॉस खायची. आता तेवढेच मागते. मी शिकले, केला, मऊ भातावर घातला. खाताना तिचे डोळे वाहायचे, तरी म्हणायची, "मस्त शे माय, आखो दे," आणि आणखी वाढून घ्यायची.

मग आशा भेटायला आली. तिने चमचा चाटला आणि ओरडली, "आत्याबाई, हाई झोंबी ऱ्हायनं!"

मी चाखला. मला गोडच लागला. माझा जन्म नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर, त्यांचे देठ खुडण्यात गेला. जीभ मेली आणि तिखट हातात मुरले. राख, तेल, दही, सगळे चोळून पाहिले. हातमोजेही आणले, पण ते चढवायचे याच हातांनी. माझी पोरगी माझे मन राखायला आग गिळत होती.

लग्नाच्या वर्षीच आशाने वेगळी चूल मांडली. म्हणाली होती, "तुमना हातनी भाकर बी झोंबस." तो शब्द मी आजही माफ केलेला नाही. पण आशा, तुझे हात शिवणकामाचे, स्वच्छ. मी तुझ्या पाया पडते, माझ्या पोरीला उपाशी ठेवू नकोस.

मंद आचेवर लोणी वितळव. ठेचलेला लसूण मऊ होऊ दे, पण लाल करू नकोस. आपल्या हाताला ती सवय आहे, आवर. चमचाभर मैदा घालून परतून घे, रंग बदलू देऊ नकोस. थंड दूध थोडे थोडे घालून हलवत राहा, गुठळी होता कामा नये. दाटले की गॅस बंद कर, मगच किसलेले चीज घाल. वरून मीठ नको. मिरपूड हॉटेलवाले घालतात, तू घालू नकोस. कोमट करून दे.

पाच. मी जिवंत परत आले, तर घर, पैसे, शिडी सगळे पुन्हा माझे. हे मृत्युपत्र फाडावे. चौथे कलम तेवढे राहू द्यावे. मी कितीही रडले, "एकदा मला करू दे" म्हटले, तरी आशाने मला त्या पातेल्याला हात लावू देऊ नये.

सही: नर्मदाबाई दोधू माळी

आमच्यादेखत सही केली:
१. हेमराज चिंधा माळी
२. फुलवंताबाई आमशा वळवी

कोरीट, १४ डिसेंबर २०२४